सायकलच्या लाइटची वही: बजेट १५०० आणि रस्ता अंधाराचा

२६ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आज पडलो. लागलं फारसं नाही, तळहात सोलला आणि डबा चेपला, पण वही आजपासूनच सुरू करतोय, नाहीतर नेहमीसारखं "बघू, घेऊ" म्हणत दिवाळी यायची. मी सेकंड शिफ्टला असतो, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतून साडेअकराला सुटतो आणि मधल्या रस्त्यानं तासगाव रोडला लागून कवलापूरच्या पुढं आमच्या वस्तीवर, धरून चाला १० किलोमीटर. बुधगाव मागं पडलं की दोन्ही बाजूला ऊस, मधेच एखादी द्राक्षबाग, आणि उजेड म्हणजे समोरून येणाऱ्याचा. पावसाचं पाणी साठलेला खड्डा आज दिसलाच नाही, काळ्या डांबरावर काळं पाणी, दिसणार कसा. एका हातात मोबाईलची टॉर्च धरून चालवत होतो हे घरी सांगितलेलं नाही.

बजेट १५०० ठरवलंय, पुढचा लाइट मागचा लाइट सगळं धरून. पेट्रोलचे वाचतात म्हणून सायकल काढली आणि लाइटला तीन हजार घातले तर आप्पा हसतील.

२९ सप्टेंबर, रविवार

खरेदीच्या आधी जरा हिशोब केला, नेमका किती लांबचं दिसायला पाहिजे याचा. माझा स्पीड साधारण १८, म्हणजे सेकंदाला बरोबर ५ मीटर. खड्डा दिसल्यापासून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर साडेसात मीटर तिथंच संपले. त्यापुढं थांबायला कोरड्यावर ४-५ मीटर, रिम ओला असेल तर ६-७ धरा. म्हणजे कमीत कमी १५ मीटर पुढचं नीट दिसलं पाहिजे, आणि बुधगावच्या पुढच्या उतारावर सायकल २५ नं पळते तिथं २० च्या पुढं.

मोबाईलची टॉर्च ४-५ मीटरच्या पुढं नुसती धुरकट. म्हणजे खड्डा दिसेपर्यंत मी खड्ड्यात. तसंच झालं.

दुसरं असं की पुढचा लाइट आणि मागचा लाइट ही दोन वेगळी कामं आहेत, मी एकच समजत होतो. पुढचा आपल्याला दिसावं म्हणून, मागचा आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. शहरात स्ट्रीट लाइट असतात तिथं पुढं बारकासा लुकलुकता लाइट लावला तरी चालतंय, कारण रस्ता दिसतच असतो. आमच्याकडं तसं नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार (घटस्थापना)

ऑनलाइन मागवलेला लाइट आला, ३४९ रुपये. बॉक्सवर १००० लुमेन (उजेडाचं माप), बॅटरी १२०० एमएएच (बॅटरीत किती चार्ज मावतो ते), चालणार ६ तास, वॉटरप्रूफ, सोबत हॉर्नसुद्धा. हॉर्न भारी आहे, शेजारची कोंबडी उडाली.

आता बॉक्सवरचेच आकडे घेऊन किराणा हिशोब करू. १२०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साधारण ४.४ वॅट-अवर. चांगली एलईडी एका वॅटला शंभरेक लुमेन देते असं धरलं तर १००० लुमेनला १० वॅट लागणार, म्हणजे ही बॅटरी अर्ध्या तासाच्या आत मोकळी. ६ तास कुठनं चालवणार? एकतर लुमेन खोटे नाहीतर तास खोटे. दोन्ही खोटे असायची शक्यता मी सोडलेली नाही.

रात्री लावून आलो. मोबाईलपेक्षा चांगला आहे हे नक्की. पण उजेड सगळीकडं सारखाच पसरतो, झाडाच्या शेंड्यावर पण आणि माझ्या डोळ्यावर पण, आणि रस्त्यावर जिथं पाहिजे तिथं पातळ.

६ ऑक्टोबर, रविवार

रन टेस्ट. सकाळी फुल चार्ज करून टेबलावर फुल मोडला लावून ठेवला, समोर दोन मीटरवर मोबाईल, त्यात लक्स, म्हणजे जागेवर किती उजेड पडतो ते मोजायचं ॲप. या ॲपचा आकडा खरा मानायचा नाही, प्रत्येक मोबाईलचा सेन्सर वेगळा, पण त्याच जागी तोच मोबाईल ठेवला तर आधीपेक्षा किती कमी झाला एवढं कळतं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

पहिल्यांदा चूक केली. बंद खोलीत ठेवला, २० मिनिटांत हात लावू देईना एवढा तापला आणि उजेड पडला. सायकलवर वारं लागतं, टेबलावर नाही. दुपारी परत चार्ज करून पंख्यासमोर ठेवून सगळं पहिल्यापासून. सुरुवातीचा उजेड १०० धरला तर अर्ध्या तासात ७०, एका तासाला ५५ च्या आसपास, दोन तासांनी ३०, आणि तीन तासांना नुसता दिव्यातल्या वातीसारखा. आत सर्किट असं काही नाहीच बहुतेक, बॅटरीचा व्होल्टेज उतरेल तसा उजेड उतरतो. चांगल्या लाइटला ड्रायव्हर असतो, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, तो शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग एकदम मान टाकतो. ते पण डेंजरच, पण निदान इंडिकेटर तरी असतो.

परत चार्ज करताना किती चार्ज आत जातो ते मोजणारा यूएसबी मीटर लावला, कामावरच्या मित्राकडून आणलाय. आत गेले ६४० एमएएच. छापलेत १२००. निम्मे तर मिळाले म्हणायचं. ६४० म्हणजे २.४ वॅट-अवर, तीन तास चालला, म्हणजे सरासरी पाऊण वॅट, म्हणजे फार तर ८० लुमेन. हजारातले ऐंशी!

तरी ८० लुमेन वाईट नसतात हे पण लिहून ठेवतो. नेमके रस्त्यावर पडले तर ऐंशीत माणूस घरी पोचतो. सगळी भानगड कुठं पडतात त्याची आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आप्पांना लाइटचं चाललंय ते कळलं. माळ्यावरनं स्वतःच्या जुन्या सायकलचा डायनामो काढून आणला, बाटलीसारखा, टायरला घासणारा, वर ६ व्होल्ट ३ वॅट कोरलेलं. "याला चार्जिंग लागत नाही," म्हणाले. खरंय. लावून बघितला. चाक फिरतंय तोवर पिवळा उजेड, पेडल मारताना मागनं कुणीतरी धरल्यासारखं वाटतं, आणि थांबलो की अंधार. चढाला स्पीड कमी, उजेड कमी. टायर ओला झाला की डायनामोचं चाक घसरतं, म्हणजे पावसात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच रुसतं. आप्पा तसल्यावर रात्रीची साखर कारखान्याची पाळी करायचे. पण तेव्हा समोरून येणाऱ्या गाड्यांचे लाइट पण पिवळेच होते. आता समोरची मोटरसायकल पांढरी एलईडी लावून अप्पर मारत येते, आणि तिच्या मागं चार-पाच सेकंद आपल्याला काही म्हणजे काही दिसत नाही. त्या चार-पाच सेकंदांसाठी तरी चांगला लाइट पाहिजे.

डायनामो पुसून परत माळ्यावर. आप्पांनी बघितलं, बोलले काही नाहीत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री परतीच्या पावसानं गाठलं. वॉटरप्रूफ लाइटच्या चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण निसटलं, पाणी आत, हॉर्न आपोआप वाजायला लागला आणि बंद होईना. कवलापुरातली कुत्री मागं लागली, मी हॉर्न वाजवत पुढं. घरी येऊन लाइट तांदळाच्या डब्यात घातला, आई म्हणाली तांदूळ काय त्यासाठी आहेत का.

वॉटरप्रूफ या शब्दावर विश्वास नको, आयपीएक्स किती, म्हणजे लाइट किती पाणी सोसतो त्याचा आकडा, ते बघायचं. आयपीएक्स-४ म्हणजे सगळीकडून शिंतोडे उडाले तरी चालतील एवढंच, जोराची धार सोसायची तर आयपीएक्स-६ पाहिजे. आणि आकडा छापलेलाच नसेल तर तो पेपरमध्ये गुंडाळलेला लाइट समजायचा.

उपाय: जुन्या ट्यूबचा तीन बोटं रुंद तुकडा कापून झाकणावर बांगडीसारखा चढवला. फुकट. दोन दिवसांनी लाइट चालू झाला, हॉर्न कायमचा गेला. शांतता.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज शहाणपणा केला. कवलापूरच्या जुन्या विमानतळाची जागा आहे ना, तिथं मोकळा माळ, म्हटलं १०, १५, २० मीटरवर विटा ठेवून टेस्ट घेऊ, कुठली वीट कधी दिसते ते. विमान उतरायचं तेव्हा उतरेल, तोवर आपल्याला जागा आहे. सुट्टी टाकून गेलो, विटा मांडल्या, लाइट बंद केला तरी वीसवरची वीट दिसतेय. वर बघितलं तर कोजागिरी.

घरी येऊन दूध प्यायलो. टेस्ट अमावास्येकडं ढकलली.

२० ऑक्टोबर, रविवार

सांगलीत जाऊन हातातली टॉर्च आणली, ॲल्युमिनियम बॉडी, एक १८६५० सेल (चार्जिंगचा जाडसर लिथियम सेल) घालायची, ४५० रुपये. विचार असा की सायकलचा म्हणून जो लाइट विकतात त्यात बॅटरी आत चिकटवलेली असते, ती मेली की सगळं फेकून द्या. टॉर्चचा सेल दोन सेकंदात बदलतो, आणि हँडलला बांधायचा रबरी क्लॅम्प ८० ला मिळतो.

दुकानदार झूमवाली दाखवत होता, पुढचं तोंड ओढलं की उजेड लांब जातो ती. घेऊ नका. झूम केलं की समोर नुसता एक चौकोनी ठिपका पडतो, एलईडीचाच फोटो, आजूबाजूला काळोख, आणि अर्धा उजेड आतल्या आतच मरतो. मी साधी रिफ्लेक्टरवाली घेतली, वाटीच्या आतली बाजू आरशासारखी असते ती.

सेलचा किस्सा. त्याच्याकडं निळ्या रंगाचे सेल होते, वर छापलेलं ९८०० एमएएच, १०० रुपयाला एक. चांगल्या कंपन्यांचे १८६५० साडेतीन हजारच्या आसपास थांबतात, याच्यात दहा हजार कुठनं आले? एक घेऊन शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला (ओळख आहे, हसला, पण ठेवू दिला). २८ ग्रॅम. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे आत निम्मी हवाच असणार. परत केला, दुसऱ्या दुकानातून २६०० एमएएचचा, नाव असलेला, २८० ला घेतला, तो ४५ भरला. चार्जर १५०. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल काढून वापरायचा सल्ला एकानं दिला, मी नाही वापरले, ज्या सेलचा इतिहास माहीत नाही तो नाकासमोर धरून मी सायकल चालवणार नाही.

३० ऑक्टोबर, बुधवार

आज अंधार मिळाला. परत त्याच माळावर, विटा, सोबत शेजारचा पोरगा वीट हलवायला (पगार: एक वडापाव).

जुना लाइट, फुल मोड: १० वरची वीट दिसते, १५ वरची असेल-नसेल, २० वर काही नाही. टॉर्च, मधला मोड: २० वरची स्पष्ट, ३० ला पण काहीतरी आहे एवढं कळतं. फुल मोडला ३० वरची पण स्पष्ट, पण मजा म्हणजे फुलवर जवळच्या चार मीटरमध्ये एवढा उजेड होतो की डोळे त्याला सरावतात आणि लांबचं उलट काळं वाटायला लागतं. मधलाच मोड बरा. याचा मी आधी विचारच केला नव्हता, जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणार असं सरळ धरलेलं.

मग लाइटचा कोन. हँडलवर टॉर्च जमिनीपासून ९५ सेंटीमीटरवर बसते. मधला प्रखर ठिपका १० मीटरवर पाडायचा तर बरोबर निम्म्या वाटेवर, ५ मीटरवर, तो निम्म्या उंचीला म्हणजे ४७-४८ सेंटीमीटरवर असला पाहिजे. म्हणून आता गोठ्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारलीय, भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करून ठिपका रेघेवर आणायचा. क्लॅम्प हलला की दहा सेकंदात परत सेट. ठिपका १० वर असला तरी त्याच्या कडेचा उजेड पुढं २० पर्यंत जातो, आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही.

जर्मनीत सायकलच्या लाइटला कायदाच आहे, वरच्या बाजूनं उजेड सरळ रेषेत कापलेला पाहिजे, कारच्या डिपरसारखा. तिथल्या लाइटवर लहरीसारखी रेघ आणि पुढं के असं अक्षर असतं. तसा लाइट इथं मागवायचा तर माझं सगळं बजेट एकट्यानं खाईल.

३ नोव्हेंबर, रविवार

टॉर्चला टोपी केली. पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून, वरच्या बाजूनं पाच सेंटीमीटर पुढं येईल असा, आतून काळा रंग. मधला ठिपका यानं कापला जात नाही हे आधीच सांगतो, तो कोनानंच सांभाळायचा. पण कडेनं वर उडणारा उजेड थांबतो, आणि त्यातला बराचसा माझ्याच डोळ्यात येत होता हे टोपी लावल्यावर कळलं. तेवढ्याच उजेडात रस्ता जास्त दिसायला लागला.

टॉर्चचा एक वैताग: एकच बटण, आणि मोड बदलायचा तर फुल, मधला, कमी, मग डोळे दिपवणारा फडफडाट, मग एसओएस, असा सगळा गाव फिरून यावं लागतं. बंद करून चालू केली की परत फुल. लक्षात ठेवत नाही. अंधारात पुढं फडफडता लाइट लावून चालवूच नये, आपल्यालाच खड्डा किती लांब आहे ते कळत नाही. दुकानात घेतानाच बटण दाबून मोड मोजायचे, जेवढे कमी तेवढं बरं.

१० नोव्हेंबर, रविवार

मागचा लाइट घेऊन आठवडा झाला, २२० रुपये, दोन ट्रिपल-ए सेलवर, सीटच्या खाली दांडीला. एकदम खुश होतो. काल चुलतभाऊ मागनं मोटरसायकलवर आला, म्हणाला तुझा लाइट बंद आहे. उतरून बघितलं तर चालू. मग ट्यूब पेटली: कॅरियरवर डब्याची पिशवी. आठवडाभर मी पिशवीला लाइट दाखवत होतो.

आता लाइट कॅरियरच्या अगदी शेवटाला, पत्र्याची पट्टी वाकवून बोल्टनं. आणि तिरका नाही, सरळ मागं बघणारा, कारण असल्या लाइटचा उजेड अगदी समोरच जास्त असतो, दोन बोटं खाली वाकला तरी लांबच्याला निम्मा दिसतो.

लुकलुकता ठेवायचा का सरळ? चुलतभावाला मागनं चालवायला लावून दोन्ही करून बघितलं. लुकलुकता आधी लक्षात येतो, पण किती लांब आहे ते कळत नाही, मागचा माणूस अंदाज बांधेपर्यंत तो विझलेला असतो. सरळ ठेवला तर अंतर कळतं. मी सरळ ठेवलाय. चार्जिंगचे ट्रिपल-ए घातले, ते १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे, उजेड थोडा कमी पण चालतंय. ते सिलिकॉनचे बेडकासारखे छोटे लाइट मिळतात ना, बटण सेलवाले, ते स्वस्त दिसतात पण सीआर-२०३२ सेलमध्ये जीव २२० एमएएचच्या आसपास, रोज वापरला तर सेलचाच खर्च लाइटच्या वर जाईल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदानाची सुट्टी, आज कामावर. १५ तारखेपासून गळीत हंगाम सुरू झालाय, आता रस्त्यावर मी एकटा नाही. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर उसाचे शेंडे दोन्ही बाजूला लोंबतायत, मागं लाइट नाही, असलाच तर पाल्याखाली झाकलेला. आज त्याच्या मागं मी होतो, टॉर्चच्या उजेडात वीसेक मीटरवर एकदम हिरवी भिंत. जुन्या लाइटवर असतो तर उसात गेलो असतो.

सुचलं ते त्यावरनंच. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर हंगामाला होतात, मग सायकलला का नको. ऑटो पार्ट्सच्या दुकानात ट्रकच्या मागं लावायची लाल-पांढरी टेप मीटरवर मिळते, वर एआयएस-०९० (गाड्यांच्या चमकत्या टेपचा दर्जा) छापलेली बघून घेतली, ४० रुपये मीटर, तीन मीटर. लाल मागच्या मडगार्डला आणि कॅरियरला, पांढरी पुढच्या काट्याला, आणि बारीक पट्ट्या पेडलच्या क्रँकला दोन्ही बाजूनं. क्रँकवरची सगळ्यात कामाची. चुलतभावाला परत मागं पाठवला, म्हणाला मागचा लाइट म्हणजे एक लाल ठिपका, मोटरसायकल का सायकल का खांब कळत नाही, पण पट्ट्या खालीवर हलताना दिसल्या की लांबूनच कळतं कुणीतरी पेडल मारतंय.

नवीन सायकलला रिफ्लेक्टर असतातच, २०२० ला सरकारनं त्यांना बीआयएसचा दर्जा सक्तीचा करणारा आदेशही काढला. माझी सायकल त्याच्या आधीची, एक रिफ्लेक्टर फुटलेला आणि एक चिखलात. पुसला. पण टेप असो का रिफ्लेक्टर, त्याच्यावर उजेड पडला तरच तो चमकतो. बैलगाडीवाल्याला, चालत येणाऱ्याला मी टेपनं दिसत नाही. म्हणून लाइटला पर्याय नाही, जोड आहे.

उरलेला हातभर तुकडा आमच्या वस्तीवर उतरलेल्या ऊसतोड टोळीतल्या एका गाडीवानाला दिला. त्यानं तो गाडीला न लावता बैलाच्या शिंगाला गुंडाळला. समोरून दोन लाल चमक हलत येतात रात्री. पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाम फुटला.

१ डिसेंबर, रविवार

हिशोब: पहिला लाइट ३४९, टॉर्च ४५०, सेल २८०, चार्जर १५०, क्लॅम्प ८०, मागचा २२०, टेप १२०. एकूण १६४९. बजेटच्या वर १४९, आणि सराफाला चहा वेगळा. आज परत घ्यायचं झालं तर पहिला लाइट नाही घेणार, १३०० त भागलं असतं. तो टाकलेला नाही, हँडलच्या दुसऱ्या बाजूला बंद ठेवलेला असतो. परवा टॉर्चचा सेल कुमठे फाट्याच्या अलीकडं संपला (मित्राकडं गेलो होतो, चार्जिंगची पाळी विसरलो) तेव्हा त्यानंच घरी आणलं. आणि पंक्चर काढताना टॉर्च हँडलवरनं सोडून तोंडात धरायची वेळ येत नाही.

सेलचं वेळापत्रक: जाताना उजेडच असतो, येताना ३५ मिनिटं मधल्या मोडवर, चार रात्री झाल्या की मल्टिमीटर लावतो, सेल ३.६ व्होल्टच्या आसपास असतो, तिथंच चार्जिंगला. ३ व्होल्टच्या खाली नेत नाही.

क्लॅम्पच्या रबराला आजच बारीक चीर दिसली. उन्हानं जात असणार, सायकल दिवसभर कंपनीच्या पत्र्याबाहेर उभी असते. तोवर ट्यूबची बांगडी डबल करून बांधलीय, पुढच्या रविवारी सायकलवाल्या चाचांकडून लोखंडी पट्टीचा क्लॅम्प करून घ्यायचा, आतून ट्यूबचंच अस्तर लावून. आणि आप्पांनी डायनामो माळ्यावरनं परत खाली काढून ठेवलाय, त्यावर एलईडी लागते का विचारत होते. एसी निघतो त्यातून, त्याचा डीसी करायला डायोडचा ब्रिज लागेल. कामावरच्या भंगारात चार डायोड मिळतात का बघतो.